एंडोमेट्रिओसिसमध्ये प्रतिकारशक्तीचं नेमकं काय बिघडतं

तुमचा प्रश्न असा: बहिणीला एंडोमेट्रिओसिस निघालं, डॉक्टर म्हणाले यात प्रतिकारशक्तीचाही भाग असतो, तर ती वाढवायला गुळवेलीचा काढा सुरू करावा का? करू नका. का, ते कळायला हा आजार पोटात रुजतो कसा ते आधी पाहावं लागेल.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशांवर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, आतड्यांवर. त्या तिथे पोचतात कशा, याची सर्वांत टिकलेली उपपत्ती अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. पाळीचं सगळं रक्त खाली येत नाही. थोडं बीजवाहिन्यांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातले अस्तराचे तुकडे तिथे चिकटतात. आजार सापडतो त्या जागाही हेच सुचवतात. उदरपोकळीतला द्रव उजव्या कडेने वर सरकतो, आणि श्वासपटलावरचे या आजाराचे डाग बहुतेक वेळा उजवीकडेच असतात. सिझेरियनच्या व्रणात दर पाळीला दुखणारी गाठ होते, तीही अस्तराच्या पेशी तिथे सांडून रुजल्यामुळे. (सगळं या एका उपपत्तीत बसत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन घेतलेल्या मोजक्या पुरुषांतही हा आजार आढळला आहे.)

कोडं पुढे आहे. १९८४ च्या एका अभ्यासात पाळीच्या दिवसांत दुर्बिणीने तपासलं, तेव्हा बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या ९० टक्के स्त्रियांच्या पोटात रक्त मिळालं. आजार मात्र दहातल्या साधारण एकीलाच होतो. बाकीच्या जणींच्या पोटातले हे तुकडे दर महिन्याला प्रतिकारपेशी उचलून टाकतात.

एंडोमेट्रिओसिसमध्ये ही साफसफाई अडते. जागा चुकलेल्या पेशींना मारणं हे नॅचरल किलर पेशींचं काम. या स्त्रियांच्या उदरद्रवात त्यांची मारकशक्ती मंदावलेली दिसते. गिळून टाकणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची संख्या तर वाढलेली असते, पण गिळण्याची क्षमता घटलेली. मॅक्रोफेजना आणखी एक काम येतं, जखम भरून आणण्याचं, आणि इथे त्या तेच करू लागतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात, मज्जातंतूंच्या वाढीलाही चालना देतात. तण उपटायला लावलेल्या माणसाने तणालाच पाणी घालावं, तसं. मग त्या जागी पुन्हा रक्तस्राव, पुन्हा जखम, पुन्हा तीच डागडुजी. यातूनच कडक व्रण तयार होतात आणि आतडी, बीजकोश एकमेकांना चिकटतात.

दाहातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे कळ आणि दाह वाढवणारं रसायन वाढतं, ते या ऊतींमध्ये ॲरोमटेज नावाचं विकर वाढवतं, ॲरोमटेज तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतं आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. प्रोजेस्टेरॉनने याला लगाम घालायचा, पण या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ हे वर्णनच चुकीचं आहे. दाह आधीच जोरात आहे. तो आणखी चेतवून काय साधणार? गुळवेलीचा धोका वेगळाच. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ती इजा प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करावा तशा प्रकारची होती. उलट दिशेने, म्हणजे दाह दाबूनही पाहिलं गेलं आहे. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब खोलवर रुजलेल्या आजारात देऊन पाहिलं, पण वेदना खोट्या औषधापेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. एक धागा तोडून ही गुंतागुंत सुटत नाही.

सध्या उपयोगी पडतं ते हार्मोन्सचं चक्र तोडणं. त्यासाठी डायनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध: रोज २ मिलिग्रॅम, न चुकता, ठरल्या वेळी. पहिले काही महिने अधूनमधून अंगावरून रक्ताचे डाग दिसतात. ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून अनेकजणी नेमकं तेव्हाच सोडतात. तसं करू नये, डॉक्टरांशी बोलावं. ते गर्भनिरोधक म्हणून धरू नका. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून कळ असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा पाळीची चाहूल लागताच, जेवणानंतर घेतल्या तर जास्त काम करतात. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तपासण्यांबद्दल: सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाही, असं होत नाही. चॉकलेट सिस्ट, म्हणजे बीजकोशातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते; उदरावरणावरचे वरवरचे डाग दिसत नाहीत. सीए-१२५ या रक्तचाचणीवरून निदान करू नये, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. एएनएसारख्या स्वयंप्रतिकारक आजारांच्या चाचण्या, तशी वेगळी लक्षणं नसतील तर, पैसे वाया घालवणंच आहे.

बहिणीला चॉकलेट सिस्ट असेल आणि शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं, तर दोन गोष्टी आधी विचारा. सिस्ट काढताना बीजकोशाचा निरोगी भागही थोडा जातो, म्हणून मूल हवं असेल तर एएमएच चाचणी (बीजकोशात बीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) शस्त्रक्रियेआधी करून घ्यावी. आणि लगेच दिवस राहायला नको असतील, तर शस्त्रक्रियेनंतर कोणतं हार्मोनल औषध, किती काळ? कारण पाळी चालू राहिली की उलटा प्रवाहही चालू राहतो, आणि सिस्ट पुन्हा होण्याचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांत जास्त असतं.