गाडी नसताना इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ट्रेक करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टरला एमएससीसाठी आला आहात, घरी असताना हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची झालेत, आणि आता वर्गातली मुलं सांगतायत की गाडीशिवाय लेक डिस्ट्रिक्टला जाण्यात अर्थ नाही. खरंच तसं आहे का, आणि एकटीने जमेल का?

नाही, तसं नाही. मी बारा वर्षं लँकेस्टरला राहतोय. लायसन्स आहे, गाडी नाही, आणि इथले डोंगर जेवढे पाहिले ते ट्रेन, बस आणि लाँचने जाऊनच. मी डोंबिवलीचा. रात्रीची शेवटची कसारा लोकल आणि पहाटेची एसटी यांवरच माझे सगळे ट्रेक झाले, त्यामुळे डोंगराला जायला गाडी लागते हेच मला इथे येऊन कळलं.

उलट गाडीवाल्यांचं मला जरा वाईट वाटतं. सकाळी नऊनंतर पार्किंग मिळत नाही ते सोडा. पण गाडी जिथे लावली तिथेच संध्याकाळी परत यायचं, म्हणजे खुंट्याला बांधलेल्या गुरासारखं; दावं कितीही लांब असलं तरी फिरून तिथेच. आपल्याकडे एका घाटवाटेने चढून दुसरीने उतरायची जी मजा असते, ती त्यांच्या नशिबात नाही. बसवाल्याला एका खोऱ्यात उतरून, खिंड ओलांडून, भलत्याच खोऱ्यात बाहेर पडता येतं. लेक डिस्ट्रिक्टची रचनाही याला सोयीची आहे. मधल्या उंच भागातून खोरी चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे पसरलीत, आणि दोन खोऱ्यांमध्ये रस्त्याने तास-दीड तासाचा वळसा असला तरी पायी एक खिंड असते.

डोंगराला इथे ‘फेल’ म्हणतात (परीक्षेशी संबंध नाही). हजारेक वर्षांपूर्वी नॉर्स लोकांनी आणलेला शब्द. तसेच टार्न म्हणजे डोंगरातलं तळं, बेक म्हणजे ओढा, गिल म्हणजे घळ, फोर्स म्हणजे धबधबा, हॉज म्हणजे खिंड. एवढे सहा शब्द आले की नकाशा बराचसा मराठीत वाचता येतो. आणि Keswick या गावाला केसविक म्हणू नका, ‘केझिक’ म्हणा, नाहीतर ड्रायव्हर दोनदा विचारेल.

आता मुद्द्याचं. घरी आपण आधी गड ठरवतो, मग एसटी बघतो. इथे उलटं करा. आधी वेळापत्रक उघडा, मग डोंगर ठरवा. यातला एक नियम मला अद्दल घडून कळला. पहिल्या वर्षी, सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी, लँगडेलच्या खोऱ्यातून स्टेक पास ओलांडून बोरोडेलला उतरलो. रॉस्थवेट गावात पोचलो तेव्हा केझिकची शेवटची बस जाऊन वीस मिनिटं झाली होती. वेळापत्रक खिशात होतं. मी शनिवारचा रकाना वाचला होता. मोबाइलला रेंज नाही, पाऊस सुरू, आणि पुढे दहा किलोमीटर अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, कडेला चालायला हातभर जागा नाही. टॉर्च डोक्यावर लावून दोन तास चाललो. समोरून गाडी आली की गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. घरी जायची ट्रेन तर केव्हाच गेली होती. रात्र केझिकच्या हॉस्टेलवर काढली आणि सोमवारी ऑफिसात ओल्या बुटांनी गेलो.

तेव्हापासून नियम असा: दिवसातून चार-सहाच फेऱ्या असलेली बस सकाळी पकडायची, आणि चाल संपवायची ती भरपूर फेऱ्या असलेल्या रस्त्यावर. सकाळी बस चुकली तर बेत बदलतो. संध्याकाळी चुकली तर वर सांगितलं तसं होतं.

भरपूर फेऱ्यांचा रस्ता म्हणजे ५५५ नंबरच्या बसचा. ही लँकेस्टरहून केंडल, विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकला जाते, म्हणजे सगळ्या मुलखाच्या मधोमध दक्षिणोत्तर. हिवाळ्यातही दिवसा साधारण तासाला एक मिळते. बाकीच्या बसेस या कण्याच्या फासळ्या समजा: ५१६ अँबलसाइडहून लँगडेलच्या खोऱ्यात, ७८ केझिकहून बोरोडेलमध्ये सीटोलरपर्यंत, ५०८ पेनरिथहून अल्सवॉटर तळ्याच्या काठाने पॅटरडेलला. यांच्या फेऱ्या कमी, आणि ईस्टर ते ऑक्टोबरअखेर एक वेळापत्रक, एरवी दुसरं. इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एकेरी तिकीट २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पौंड आहे, त्यामुळे पेनरिथ-पॅटरडेललाही तेवढेच. ट्रेनला तुमचं विद्यार्थ्यांचं रेलकार्ड काढा, एक तृतीयांश सूट मिळते. पण परतीचं ‘ॲडव्हान्स’ तिकीट कधी काढू नका. ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं, आणि डोंगरातून उतरताना घड्याळाकडे बघत घाईत उतरलं की पाय मुरगळतो. ऑफ-पीक रिटर्न (गर्दीची वेळ सोडून कोणत्याही ट्रेनला चालणारं परतीचं तिकीट) घ्या.

तुम्हाला पहिला ट्रेक सुचवायचा तर मी पॅटरडेल ते ग्रासमिअर सुचवेन. मँचेस्टरहून ट्रेनने पेनरिथ, स्टेशनबाहेरूनच ५०८, पॅटरडेलला उतरायचं. ग्राइसडेलच्या खोऱ्यातून वाट हळूहळू चढत जाते, डावीकडे सेंट संडे क्रॅग, उजवीकडे हेलव्हेलिनचे सुळके. वर खिंडीच्या अलीकडे ग्राइसडेल टार्न लागतं. दंतकथा अशी की कंब्रियाचा शेवटचा राजा डनमेल लढाईत पडला, तेव्हा त्याच्या माणसांनी मुकुट आणून या तळ्यात टाकला. पाणी एवढं काळं आणि गार आहे की काढायला कोणी गेलं नसेल हे पटतं. खिंड साधारण ५९० मीटरवर. पलीकडे ग्रासमिअरला उतरलं की ५५५ आहेच; ती विंडरमिअर स्टेशनला सोडते. तिथून ऑक्सनहोम, आणि ऑक्सनहोमहून मँचेस्टर. काही गाड्या थेटही असतात.

वेळ कसा काढायचा? १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब दिला, तो अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वरची वाट तेरा किलोमीटर, चढ सुमारे ४४०. म्हणजे तीन तास वीस मिनिटं. हे न थांबणाऱ्या माणसाचं. डबा, फोटो, बुटात पाणी, वाट चुकणं धरून मी नेहमी दीडपट करतो, म्हणजे पाच तास. सकाळी अकराला पॅटरडेल सोडलं तरी चारला ग्रासमिअर. हवा फारच छान असेल आणि पाय चालत असतील तर टार्नवरून डॉलीवॅगन पाइक चढून हेलव्हेलिन (९५० मीटर) करून परत येता येतं, पण ते पहिल्या खेपेला नको.

दुसरा, याहून सोपा: ५०८ नेच ग्लेनरिडिंग, तिथून लाँचने हाउटाउन, आणि तळ्याच्या काठाकाठाने चालत परत ग्लेनरिडिंग. अकरा किलोमीटर. लाँच आधी आणि चाल नंतर, हा क्रम पाळा. शेवटची लाँच गाठायला धावणारी माणसं तिथे रोज दिसतात. तिसरा, थोडा अवघड: अँबलसाइडहून ५१६ ने न्यू डंजन गिलला उतरून स्टिकल टार्नवर चढायचं, सार्जंट मॅन (७३६ मीटर) करून ईझडेल टार्नवरून ग्रासमिअरला उतरायचं. माथ्यावरचं पठार ढगात गेलं की चारी दिशा सारख्या दिसतात, म्हणून हा होकायंत्र वापरता आल्यावरच.

सगळ्यात उंच स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) तुमच्या यादीत असणारच. तोही बसने होतो: केझिकहून ७८ ने सीटोलर, तिथून सीदवेट वस्तीपर्यंत दोन किलोमीटर चाल, मग चढ. पण केझिकला मुक्काम हवा, आणि दिवस मोठा हवा. सीदवेट ही इंग्लंडमधली सगळ्यात पावसाळी वस्ती म्हणून प्रसिद्ध आहे, वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. आंबोलीच्या माणसाला याचं काही वाटणार नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथला बाराही महिने, आडवा, आणि हाडं गोठवणारा.

वॉसडेलचं खोरं मात्र बसवाल्यांना जवळपास पारखंच आहे. तिथे एक तर बोरोडेलमधून स्टाय हेडची खिंड ओलांडून पायी जा, किंवा रेव्हनग्लासहून दोन रुळांत पंधराच इंच अंतर असलेल्या खेळण्यासारख्या रेल्वेने एस्कडेलमध्ये जाऊन, जुन्या प्रेतवाटेने डोंगर ओलांडा. वॉसडेलची माणसं एकेकाळी प्रेतं घोड्यावर लादून त्या वाटेने एस्कडेलच्या दफनभूमीत न्यायची. हे दोन दिवसांचं काम आहे, पण फार सुंदर.

गाडीशिवाय नीट बघून होत नाही असं कोणी म्हटलं तर त्याला आल्फ्रेड वेनराइटचं नाव सांगा. केंडलच्या नगरपालिकेत खजिनदार असलेला हा माणूस गाडी चालवत नसे. सुट्टीच्या दिवशी सकाळची बस पकडायची, संध्याकाळच्या बसने परत, रात्री घरी बसून हाताने नकाशे काढायचे. असं करत त्याने २१४ फेल नोंदवले, १९५५ ते १९६६ मध्ये त्याची सात पुस्तकं आली, आणि आज लोक गाड्या घेऊन ते २१४ पूर्ण करत फिरतात. विंडरमिअर स्टेशनवर ट्रेनला तासभर असेल तर समोरच्या ऑरेस्ट हेडवर चढून या. अर्ध्या तासाची टेकडी आहे. १९३० साली तेविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा तिथेच चढला होता.

मँचेस्टरहून दमछाक न करता सराव करायचा असेल तर ईडेलला जा, तासाभराच्या आत ट्रेन पोचते. मॅम टॉरची धार धरून होप स्टेशनला उतरायचं, म्हणजे स्टेशन ते स्टेशन, बसचीही गरज नाही. पुढे कधी लीड्सहून सेटल-कार्लाइलची ट्रेन पकडून गार्सडेलला उतरा, वाइल्ड बोअर फेल (७०८ मीटर) ओलांडा आणि कर्कबी स्टीफनला पुन्हा ट्रेन. ही लाइन १९८० च्या दशकात बंद होणार होती. विरोधाच्या अर्जावर हजारो लोकांबरोबर रस्वर्प नावाच्या एका कुत्र्यानेही पंजाचा ठसा उमटवला होता, आणि १९८९ मध्ये लाइन वाचली. गार्सडेलच्या फलाटावर त्याचा पुतळा आहे. त्याला माझा नमस्कार सांगा.

एकटीने जाण्याबद्दल. माणसांची भीती इथे जवळपास नाही. धोका आहे तो हवेचा आणि अंधाराचा. सह्याद्रीत वाट चुकली तर कुठूनतरी गुराखी उगवतो, खाली गावात कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. इथे वर मेंढ्यांशिवाय कोणी भेटत नाही आणि त्या काही सांगत नाहीत. झाडं नाहीत, म्हणून वारा अडत नाही. कागदी नकाशा ठेवा, फोनवर विसंबू नका. कुठून कुठे जाणार आणि कोणत्या बसने परतणार हे घरमैत्रिणीला लिहून द्या. अडचण आलीच तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ती सगळी स्वयंसेवक माणसं, पैसे घेत नाहीत. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच सुमारास बसची हिवाळी वेळापत्रकं लागतात. त्या आठवड्यात रकाना दोनदा वाचा.

बारीकसारीक: थांब्यावर नुसतं उभं राहून बस थांबत नाही, हात दाखवा. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची पद्धत आहे. रेनकोटबरोबर रेनपँटही घ्या, आणि परतीच्या ट्रेनसाठी पिशवीत कोरडे मोजे. आणि ५०८ मध्ये पेनरिथहून निघताना डावीकडची खिडकी धरा, पूली ब्रिजनंतर अल्सवॉटर त्याच बाजूला दिसतं.