धर्मशाळा, सराई की खाणावळ?

एका वाचकाने विचारले आहे: गोव्यातल्या धारबांदोड्याच्या बाजूला, अनमोड घाटाच्या पायथ्याशी रान सुरू होते तिथे, जुन्या पायवाटेलगत चिऱ्यांचे जोते आणि दोन पडक्या भिंती उरल्या आहेत. घाट चढणारे-उतरणारे लोक पूर्वी तिथे रात्र काढत. माझे आजोबा त्या जागेला धर्मशाळा म्हणत, वाड्यावरच्या एक आजी तिथल्या खाणावळीच्या गोष्टी सांगत, आणि गावाचा इतिहास लिहायला घेतलेल्या मित्राने 'सराई' असे लिहिले आहे. बरोबर शब्द कोणता?

सराई हा शब्द तेवढा काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या दोहोंतून निवडायचे तर भिंतींकडे पाहून काही कळणार नाही. तिथे उतरणाऱ्याच्या रात्रीचा खर्च कोण सोसत होते, ते शोधावे लागेल. मराठीत या जागांची नावे बहुतेक त्या हिशेबावरूनच पडली आहेत.

आधी सराईविषयी. फारसीत 'सराय' म्हणजे घर, वाडा, राजवाडासुद्धा. तुर्कांनी हाच शब्द राजवाड्यासाठी वापरला आणि तो पार बोस्नियातल्या सराजेव्हो शहराच्या नावात जाऊन बसला. उत्तर हिंदुस्थानात तो वाटसरूंच्या मुक्कामाला चिकटला. सोळाव्या शतकात शेरशहा सूरीने हमरस्त्यांवर सराया बांधल्या, मुगलसराय हे गावाचे जुने नावही त्यातलेच. तटबंदीचे आवार, मधोमध चौक, भोवती खोल्या, उंट-घोड्यांची सोय, असे चित्र त्या शब्दामागे उभे राहते. आपल्या घाटाखालच्या दोन खणी वास्तूला ते नाव म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा. गोव्यात बोलताना तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही आणि मराठी कानाला सराई म्हटले की आधी लग्नसराईच आठवते.

धर्मशाळा हा मात्र आपला घरचा शब्द. शाला म्हणजे मुळात छपराखालची ऐसपैस जागा. गोशाळा, पाकशाळा यांत तो अर्थ अजून शाबूत आहे, आणि टंकशालेची टांकसाळ झाली तरी तिच्यातही तो आहे. मुलांची शाळा ही त्या अर्थाची एक फांदी. 'धर्म' इथे पुण्यासाठी केलेले दान या अर्थाने येतो, धर्मादाय शब्दात येतो तसा. कोणीतरी पैसा घालून छप्पर उभे करायचे आणि येणाऱ्याला ते फुकट. म्हणूनच तर आपण चिडून विचारतो, 'ही काय धर्मशाळा आहे?' किंवा 'घराची धर्मशाळा करून ठेवलीय' म्हणतो. कोणीही यावे, कोणीही जावे, विचारणारे कोणी नाही, हे सगळे त्या एका शब्दात आहे. पण छप्पर फुकट म्हणजे जेवणही फुकट, असे समजू नये. शिधा आपापला, चूल तीन दगडांची, रांधायचे आपणच. जिथे जेवणही दानात मिळे त्याला अन्नछत्र किंवा सदावर्त असे वेगळे शब्द आहेत.

गोव्यात याच कुळातला आणखी एक शब्द रोजच्या वापरात आहे, अग्रशाळा. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, नागेशी, कुठल्याही मोठ्या देवळात गेलात तर भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्यांना हाच शब्द ऐकू येईल. यामागे इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या, गोव्यातल्या साष्टीतून देव हलवावे लागले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, त्या वेळी आदिलशाही असलेल्या मुलखात आले. देव गेले तरी महाजन, म्हणजे त्या देवळांची वंशपरंपरागत मानकरी कुटुंबे, सगळीच त्यांच्या मागे गेली नाहीत. कित्येक दूर कर्नाटकात आणि केरळातही पांगली होती. जत्रेला आलेले कुटुंब त्याच दिवशी परतणे शक्य नसे, त्याला देवळाच्या आवारात राहण्याची सोय हवीच होती. त्यामुळे आपल्याकडे अग्रशाळा हा देवाच्या दारातल्या मुक्कामाचा शब्द झाला. तुमची वास्तू कुठल्या देवस्थानच्या जमिनीवर नसेल, तर हा शब्द तिला लागू नाही.

आता खाणावळ. या शब्दाची मला फार ओढ आहे, कारण त्याचा हिशेब त्याच्या शेपटीतच लिहिलेला आहे. शिवणावळ म्हणजे शिवण्याचे पैसे, दळणावळ म्हणजे दळण्याचे, घडणावळ म्हणजे सोनाराने दागिना घडवल्याचे, करणावळ म्हणजे करून देण्याची मजुरी. त्याच रांगेत खाणावळ: खाण्याचे पैसे. नाव आधी पैशाचे, मग ते पैसे देऊन जिथे जेवायचे त्या जागेचे. म्हणून मी तो 'ण' ने लिहितो. 'खानावळ' हे रूप आता रूढ आहे आणि त्याला चूक म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही, पण तो 'न' कारखान्या-दवाखान्यातल्या फारसी 'खाना'च्या प्रभावाने आलेला दिसतो. त्या रूपात दळणावळ-शिवणावळीशी असलेले नाते झाकले जाते, याचे वाईट वाटते.

तेव्हा त्या आजी खाणावळ म्हणत असतील तर त्या मोलाची माहिती देत आहेत: तिथे कोणीतरी रांधून वाढत होते आणि पैसे घेत होते.

असा धंदा घाटाखाली चालावा याला कारणही होते. आगगाडीच्या आधी गोव्याचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई आणि वरून धान्य खाली येई. लमाणांच्या तांड्यांना चढण सुरू होण्यापूर्वी थांबावेच लागे. रात्री त्या रानात बैल हाकणे म्हणजे वाघाशी गाठ. पुढे 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, आणि 1888 साली मुरगावहून कुळे, दूधसागरवरून कॅसलरॉकपर्यंत रूळ पोचले. मालाने वाट बदलली की वाटेवरच्या चुली विझतात. तुमच्या जोत्याचे दगड कधी ढासळू लागले याचा माग काढायचा तर या दोन सालांपासून सुरुवात करा.

याच ठिकाणी 'उतरणे' हे क्रियापद पाहण्याजोगे आहे. 'कोणाकडे उतरलात?' या प्रश्नात कोणीच खाली आलेले नसते. जनावरावरून पायउतार होणे, ओझे उतरवणे, यातून मुक्कामाचा अर्थ आला असावा असे मला वाटते. पुढे रेल्वेने 'उतारू' हाच शब्द उचलला आणि तो चढणाऱ्यालाही लावला. 'मुक्काम' अरबीतून आला, मूळ अर्थ उभे राहण्याची जागा. तो आपल्या प्रत्येक पाकिटावर 'मु. पो.' होऊन राहिला आहे.

चावडीचेही सांगून टाकतो, कारण काणकोणचे वाचक विचारतीलच. मराठीत चावडी म्हणजे गावच्या कारभाराची जागा. कन्नड-तेलुगू मुलखातही हा शब्द आहे, तिथे त्याला वाटसरूंच्या निवाऱ्याचाही अर्थ आहे, आणि इंग्रजांनी त्याचेच 'चौल्ट्री' केले. बंगळूरला लग्नाच्या कार्यालयाला अजून चौल्ट्री म्हणतात. काणकोणच्या मुख्य बाजाराच्या गावाचे नाव चावडी आहेच.

एक शक्यता तपासायची राहते. तिथे दारू विकली जात असेल तर गोव्यात त्या जागेला तावेर्न म्हटले गेले असते. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मूळ लॅटिन, आणि लॅटिनमध्येही त्याचा अर्थ साधे दुकान वा टपरी. तावेर्नात झोपायची सोय असे किंवा नसेही, त्यामुळे एवढ्यावरून मुक्कामाची जागा ठरत नाही.

आता आजोबा आणि आजी यांच्यात मी कोणाला खोटे पाडणार नाही. एखाद्या सावकाराने किंवा देसायाने पुण्यासाठी छप्पर घातले आणि नंतर पडवीत कोणी चूल मांडून जेवण विकू लागले, असे होऊ शकते. मग दोन्ही शब्द खरे, फक्त काळ वेगळे. गावात वयाने मोठे जे कोणी असतील त्यांना विचारा की बांधले कोणी, विहीर कोणाची, बैल कुठे बांधत, आणि भात कोण शिजवी. चौथ्या प्रश्नाला एखाद्या बाईचे नाव किंवा घराणे उत्तरात आले, तर मित्राच्या पुस्तकात 'सराई' खोडून 'खाणावळ' लिहा, आणि आजोबांचा शब्द त्याच वाक्यात शेजारी ठेवा.