वाचक विचारतात : एका राउटरला दोन नावं

प्रश्न : स. न. वि. वि. आमचं घर पंचवटीत, जुन्या वाड्यात आहे. फायबरची वायर पुढच्या दारातून आत आली, म्हणून राउटर तिथेच, पुढच्या खोलीत बसवला. मुलगा माडीवर बसून घरून काम करतो. मीटिंग रंगात आली की त्याचा आवाज तुटायला लागतो. मी गिझरसाठी मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा प्लग आणला, तर तो ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’ म्हणतो आणि काही केल्या जोडलाच जात नाही. वायफाय बसवायला आलेला मुलगा म्हणाला, दोन बँड वेगळे करायचे तर नवा राउटर घ्यावा लागेल. खरंच घ्यावा लागेल का? आणि दोन बँड म्हणजे दोन इंटरनेटचे पैसे का?
– एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी

उत्तर : बाई, नमस्कार. पैशांचं आधी सांगते. जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. फायबरमधून येणारं इंटरनेट एकच, राउटर ते हवेत दोन वाटांनी सोडतो, एवढंच. या वाटा म्हणजेच बँड, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ चा. नवा राउटरही बहुधा लागणार नाही. राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. ‘एन ३००’ असं काही असेल तर त्यात फक्त २.४ आहे, वेगळं करायला दुसरं काही नाहीच. ‘एसी १२००’ असेल तर दोन्ही बँड आहेत. (तो १२०० आकडा म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची ढोबळ बेरीज. एका फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही, म्हणून त्या आकड्याला भुलून कोणी राउटर घेऊ नये.) तुमचा प्लग ‘फक्त २.४’ म्हणून अडून बसतोय, त्यावरून तुमच्याकडे दोन्ही बँड एकाच नावाखाली चालू असावेत असं मला वाटतं.

या दोन बँडचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली की घरात ढोलाचा ठेका पोचतो, ताशाची तडतड भिंतीआड विरून जाते. २.४ हा तो ढोल. त्याची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ती वाड्याच्या जाड भिंतीतून कशीबशी का होईना, पलीकडे जाते. ५ ची लहर पाच-सहा सेंटीमीटरची. वेग भरपूर, पण दगडी भिंत आणि माडीची जमीन मध्ये आली की जीव जातो. आपल्या देशात २.४ चा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी मोकळा झाला, त्यामुळे शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच गर्दी करतात. ५ चा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. तिथे अजून ऐसपैस जागा आहे.

आता करायचं काय? राउटरजवळ बसा आणि फोन घरच्या वायफायला जोडा. स्टिकरवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाका. आत शिरायचा पासवर्डही बहुतेक स्टिकरवरच असतो. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, इथे पुष्कळ जण अडकतात. आत ‘वायरलेस’ शोधा. तिथे ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ नावाचं, दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारं बटण असेल, ते बंद करा. ते बंद झालं की २.४ आणि ५ चे दोन वेगळे रकाने दिसायला लागतात. तुमच्या राउटरवर हे बटण दिसलंच नाही, तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून दोन्ही नावं वेगळी करून मागा. पुष्कळदा ते त्यांच्या बाजूनेच बदलून देतात.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथे होतो. जुनं नाव आणि जुना पासवर्ड २.४ ला तसाच राहू द्या, त्याला हातही लावू नका. नवं नाव ५ ला द्या. लोक उत्साहाने दोन्ही नावं बदलतात आणि मग प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, कामवाल्या मावशींचा फोन असं एकेक सगळं पुन्हा जोडत बसतात. जुनं नाव २.४ वर राहिलं की जोडलेल्या वस्तूंना काही बदल झाल्याचं कळतही नाही. पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला तरी चालतो. नवं नाव देवनागरीत देता येतं, पण जागा ३२ बाइटची असते आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटीसुद्धा तीन बाइट खाते. ‘पहिला मजला’ बसतं, त्याहून फार लांब नाही. आडनाव किंवा घर नंबर मात्र नावात घालू नका, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसतं.

तिथेच असताना २.४ चं चॅनल, म्हणजे बँडच्या आतली पट्टी, १, ६ किंवा ११ करा. एकूण तेरा चॅनल असली तरी एकमेकांत न घुसणारी अशी ही तीनच आहेत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वाड्यात घरं एकमेकांना खेटून असतात, तिथे ४० ठेवली तर आपलंच नाही, शेजाऱ्यांचंही बिघडतं. ५ ला चॅनल ३६, रुंदी ८०. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ निवडा. डब्ल्यूपीए ३ त्याहून चांगलं, पण स्वस्त प्लगना ते कळत नाही. सेव्ह केलं की फोनचं वायफाय तुटेल, घाबरू नका, मिनिटभरात परत येईल.

मग प्लग. फोन जुन्या नावाला, म्हणजे २.४ ला जोडा, मोबाइल डेटा बंद करा, अॅपला लोकेशनची परवानगी द्या, प्लगचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि पासवर्ड द्या. एकदा जोडला गेला की फोन ५ वर गेला तरी प्लग ऐकतो, कारण आतून घर एकच आहे. फक्त प्लग गेस्ट नेटवर्कला, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला, जोडू नका, ते घरच्या बाकीच्या वस्तूंपासून तोडलेलं असतं.

आणि बाई, प्लगवर १६ अँपिअर लिहिलंय ना, ते आधी बघा. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. दहा अँपिअरचा प्लग गिझरला लावायचा नाही म्हणजे नाही. आमच्या महात्मा गांधी रोडच्या दुकानात तापून पिवळे पडलेले असे प्लग लोक परत घेऊन येतात. पिन उपसताना प्लास्टिक पिनेला चिकटून येतं.

राहिला मुलगा. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पुढच्या खोलीतलं ५ माडीवर धड पोचेल असं मला वाटत नाही. त्याने फोन घेऊन जिना चढत जावं. वर ५ ची एकच काडी उरत असेल तर त्याने २.४ वरच राहावं. त्याचा आवाज तुटतो त्याचं कारणही बहुधा हेच असावं : एकच नाव असल्यामुळे लॅपटॉप अशक्त ५ ला धरून बसतो, मध्येच सोडतो, पुन्हा धरतो. नावं वेगळी झाली की निदान हे थांबेल. पण ज्याचं पोट इंटरनेटवर आहे त्याला वायर द्यावी, असं माझं ठाम मत आहे. जिन्याच्या कडेने, तुळईला धरून एक कॅट ६ (नेटवर्कची) वायर माडीवर न्या आणि वर छोटा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे वायरने आलेलं इंटरनेट तिथे वायफायने देण्यासाठी, लावा. शंभर मीटरपर्यंत वायरमधला सिग्नल कमी पडत नाही. भिंत फोडायचीही गरज नाही.

प्रश्न : लाइट जाऊन आली की २.४ लगेच दिसतं, ५ मात्र मिनिटभर गायब असतं. राउटर बिघडला का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : नाही हो दादा, राउटर ठणठणीत आहे. तुमचं ५ बहुधा ५२ किंवा त्याच्या पुढच्या चॅनलवर आहे. ५२ ते १४४ ही चॅनल रडारही वापरतात, म्हणून राउटरला आधी साठ सेकंद कान देऊन रडार नाही ना याची खात्री करावी लागते. चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६ किंवा १४९ करा. काही जुन्या टीव्हींना मधली चॅनल दिसतच नाहीत, तोही प्रश्न त्यात सुटेल.

प्रश्न : दोन खोल्यांचा फ्लॅट, सगळं व्यवस्थित चाललंय. तरीही बँड वेगळे करावेत का?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नका करू. वेगळी नावं केली की फोन गॅलरीत गेल्यावर २.४ ला जातो आणि परत आत आल्यावरही तिथेच बसून राहतो, मग ५ वर आपल्यालाच आणावा लागतो. एखादी वस्तू जोडायला अडली, तर तेवढ्यापुरतं राउटरमधून ५ बंद करा, वस्तू जोडून घ्या आणि पुन्हा चालू करा.