विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेच्या चळवळी कशा लक्षात ठेवायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर आहे, इमॅजिझमपासून लँग्वेज पोएट्रीपर्यंतच्या चळवळी डोक्यात राहत नाहीत, त्यांचा तयार तक्ता कुठे मिळेल आणि वाचायला सुरुवात टी. एस. इलियट या कवीपासून करावी का?

तक्ता कुठल्याही गाईडमध्ये मिळेल. इलियटपासून सुरुवात अजिबात करू नका. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण 'कोणत्या चळवळीतली?' या एका प्रश्नावर माझ्या वर्गात ग्वेंडोलिन ब्रुक्स या फार मोठ्या कवयित्रीला निकालात काढलं गेलं होतं. तो निकाल मला आजही मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

या चळवळींची नावं कुठून आली ते आधी बघा. १९१२ साली लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या चहाच्या खोलीत कवी एझ्रा पाउंडने कवयित्री हिल्डा डूलिटलच्या कवितेवर पेन्सिल चालवली, खाली स्वतःच 'एच. डी., इमॅजिस्त' असं लिहून टाकलं आणि कविता शिकागोला हॅरिएट मन्रोच्या 'पोएट्री' मासिकाकडे रवाना केल्या. इमॅजिझम, म्हणजे मोजक्या शब्दांत नेमकी प्रतिमा, हे लेबल आधी लागलं, चळवळ मागून आली. १९३१ मध्ये त्याच मासिकाचा एक अंक लुई झुकॉफ्स्की या तरुण कवीला संपादित करायला दिला, तेव्हा या मंडळींना काहीतरी नाव हवंच असा मन्रोबाईंचा आग्रह पडला, म्हणून 'ऑब्जेक्टिव्हिस्ट'. १९५९ मध्ये रॉबर्ट लोवेलच्या 'लाइफ स्टडीज'वर एम. एल. रोझेन्थल यांनी परीक्षण लिहिलं, त्यातून स्वतःचं खासगी आयुष्य उघड मांडणाऱ्या कवितेला 'कन्फेशनल' हा शब्द रूढ झाला. कवी जॉन बेरीमनला या शब्दाचा मनापासून तिटकारा होता, तरी प्रत्येक तक्त्यात तो त्याच रकान्यात बसवलेला असतो. आणि ब्लॅक माउंटन, बीट, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क ही जी वाटणी तुम्ही पाठ करताय, ती मुख्यतः डोनाल्ड ॲलनच्या १९६० सालच्या 'द न्यू अमेरिकन पोएट्री' या संकलनाने पक्की केली. त्यात ४४ कवी पाच गटांत मांडलेत. पाचवा गट कुठेच न बसणाऱ्यांचा.

त्या ४४ जणांत कृष्णवर्णीय कवी एकच, लिरॉय जोन्स, जो पुढे अमिरी बराका झाला. ग्वेंडोलिन ब्रुक्सला पुलित्झर मिळून तेव्हा दहा वर्षं झाली होती. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक, १९५०. ती या संकलनात नाही. मग गाईडच्या तक्त्यात कुठून असणार?

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्याकडे सेमिनार असायचा, प्रत्येकाने एक कविता घेऊन वर्गापुढे बोलायचं. लायब्ररीतल्या एका जुन्या संकलनात मला ब्रुक्सची 'वी रिअल कूल' सापडली होती आणि मी हट्टाने तीच घेतली. आमचे सर विद्वान होते, इलियट त्यांना तोंडपाठ होता, हे आधीच सांगते. मी कवीचं नाव फळ्यावर लिहिलं तोच पहिला प्रश्न आला, "मूव्हमेंट कोणती?" मी म्हटलं, सर, हिचं पहिलं पुस्तक १९४५ चं. हार्लेम रेनेसाँचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या १९२० च्या दशकातल्या चळवळीचा, भर तोवर ओसरला होता आणि कृष्णवर्णीयांचीच ब्लॅक आर्ट्स मूव्हमेंट १९६५ नंतरची. ही मधली. सर म्हणाले, "इकडे नाही, तिकडे नाही, म्हणजे मायनर." कविता ऐकायच्या आधी.

मग त्यांनी कविता वाचली आणि म्हणाले, "यात समजावून सांगण्यासारखं आहे काय? शाळकरी पोरीनेही लिहिली असती."

कविता आठ ओळींची आहे. शब्द चोवीस, सगळे एकाक्षरी उच्चाराचे. शीर्षकाखाली एवढंच दिलंय की हे पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारे आहेत, 'गोल्डन शॉव्हेल' नावाच्या अड्ड्यावरचे सातजण. शाळेच्या वेळेत शिकागोतल्या एका पूल हॉलमध्ये पोरं दिसली, तेव्हा ही शाळेत का नाहीत असा विचार न करता, यांना स्वतःबद्दल काय वाटत असेल असा विचार माझ्या मनात आला, असं ब्रुक्सने सांगितलं आहे. पोरं फुशारकी मारतात: आम्ही लई भारी, आम्ही शाळा सोडली, आम्ही रात्री उशिरापर्यंत भटकतो, आणि असंच करत करत शेवटी, लवकर मरतो. यमकं नेमकी आहेत: कूल-स्कूल, लेट-स्ट्रेट, सिन-जिन, जून-सून. पण ती ओळीच्या टोकाला नाहीत. टोकाला प्रत्येक वेळी 'वी' आहे. वाक्य संपतं, पुढच्या वाक्याचा कर्ता तेवढा या ओळीत लटकतो आणि क्रियापद खालच्या ओळीत पडतं.

मी वर्गातल्या एका मित्राला मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याने व्याकरणाप्रमाणे वाचलं, वाक्य सुरू 'वी'पासून, संपलं पूर्णविरामावर. ठेका छान लागला, दोन-तीन पोरांनी बाकावर तालही धरला. मग म्हटलं, आता ओळ जिथे संपते तिथे थांब आणि 'वी' हळू म्हण. ही माझी शक्कल नव्हती, ब्रुक्सचीच सूचना आहे. त्या पोरांना स्वतःबद्दल पुरती खात्री नाही, म्हणून 'वी' दबक्या आवाजात म्हणा, असं तिने सांगून ठेवलंय. त्याने तसं वाचलं आणि ठेका मोडला. प्रत्येक ओळीला आधी तोरा, मग तो एक 'आम्ही' अधांतरी. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, शेवटच्या ओळीच्या टोकाला 'वी' का नाही?" (मी मॅडम नव्हते, तिची वर्गमैत्रीणच होते, पण सेमिनारला तसं म्हणायची पद्धत होती.) मला नेमका तोच प्रश्न हवा होता. पहिल्या सात ओळींच्या टोकाला 'वी' आहे आणि पोरंही सात. आठवी ओळ दोन शब्दांची, मरण्याची. तिच्या टोकाला कुणीच उरत नाही.

सर म्हणाले, कविता संपली म्हणून 'वी' संपला, त्यात एवढं काय. अंतर्गत गुण जेमतेम पास होण्याइतके मिळाले. शेरा होता, 'लॅक्स कॉन्टेक्स्ट'.

संदर्भ नाही म्हणे! तिचा संदर्भ तुम्हीच बघा. जन्म १९१७, कॅन्ससमधलं टोपीका, वाढली शिकागोच्या साउथ साइडला. शाळकरी वयात तिची आई तिला हार्लेम रेनेसाँचा कवी लँग्स्टन ह्यूजकडे घेऊन गेली, त्याने तिच्या कविता तिथल्या तिथे वाचल्या आणि लिहीत राहा म्हणून सांगितलं. त्याच चळवळीतल्या जेम्स वेल्डन जॉन्सनने पत्रातून सल्ला दिला की आधुनिक कवी वाच, इलियट वाच, पाउंड वाच. तिने वाचले. पुढे साउथ साइडच्या कार्यशाळेत कवितेची कारागिरी घासूनपुसून शिकली. सॉनेट तिला येत होतं, बॅलड येत होतं. म्हणजे हार्लेमचा वारसा आणि इलियट-पाउंडची शिस्त, दोन्ही तिच्या हातात होतं आणि विषय होता ब्रॉन्झव्हिलच्या, म्हणजे साउथ साइडच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, एका खोलीच्या बिऱ्हाडांचा. पुलित्झर घेऊन ती स्वस्थ बसली नाही. १९६७ मध्ये नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठातल्या संमेलनात तरुण कृष्णवर्णीय लेखक तिला भेटले, आणि पन्नाशीला टेकलेल्या या बाईने मोठा प्रकाशक सोडून डेट्रॉइटच्या डडली रँडलच्या छोट्याशा ब्रॉडसाइड प्रेसकडे पुस्तकं द्यायला सुरुवात केली. तीन पिढ्यांना जोडणारी कवयित्री तक्त्यात बसत नसेल, तर चूक तक्त्याची आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत सर भेटले. चहाला उभे होतो. म्हणाले, "अगं, तू अजून त्या आठ ओळींतच का?" मी म्हटलं, सर, २०१० मध्ये कवी टेरन्स हेजने याच कवितेतले शब्द एकेका ओळीच्या टोकाला ठेवून नवी कविता लिहिली, त्या रचनेचं नावच आता 'गोल्डन शॉव्हेल' पडलंय आणि आज कितीतरी कवी त्या साच्यात लिहितात. मायनर कवीच्या आठ ओळींतून काव्यप्रकार जन्माला येत नाही. ते म्हणाले, "बरं बरं." मान्य केलं नाहीच.

आता इलियटचं. इलियटपासून सुरुवात करायची सवय आपल्याला का लागली? क्लिअँथ ब्रुक्स (हे समीक्षक, आपल्या कवयित्रीशी संबंध नाही) आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या १९३८ च्या 'अंडरस्टँडिंग पोएट्री' या पाठ्यपुस्तकाने आणि न्यू क्रिटिसिझमने, म्हणजे फक्त संहितेच्या बारीक वाचनावर भर देणाऱ्या समीक्षेने, वर्गात शिकवायला सोयीची कविता कोणती ते ठरवून दिलं: जिला तळटिपा लागतात ती. विल्यम कार्लोस विल्यम्सला हे आधीच कळलं होतं. न्यू जर्सीतल्या रदरफर्डमध्ये पोरांची दुखणी बघणारा हा डॉक्टर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की इलियटची 'वेस्ट लँड' आली आणि आमच्या जगावर अणुबाँब पडल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, त्याचं 'स्प्रिंग अँड ऑल' निघालं, त्यात ती सोळा शब्दांची लाल ढकलगाडीची कविता. तिथेही ओळ कुठे तोडली आहे यावरच सगळं उभं आहे. ज्यांना विल्यम्स 'सोपा' वाटतो त्यांनी तो ओळीबरहुकूम वाचलेला नसतो.

तर वाचायचं असं: पाउंडची मेट्रो स्टेशनवरची दोन ओळींची कविता, मग विल्यम्स, मग ह्यूजचं १९२६ चं 'द वेअरी ब्लूज' आणि त्याच वर्षीचा त्याचा 'द नेशन'मधला लेख, मग ब्रुक्सची 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल' आणि 'द बीन ईटर्स'. त्यानंतर गिन्सबर्गचं 'हाउल', लोवेल, प्लाथचं 'एरियल' आणि फ्रँक ओ'हाराचं 'लंच पोएम्स' एका दमात वाचा, सगळी दहा वर्षांच्या आतबाहेरची आहेत. मग इलियट घ्या, तेव्हा तो एका भांडणातला एक पक्ष म्हणून दिसेल. लँग्वेज पोएट्री, म्हणजे भाषेलाच विषय करणारी कविता, १९७८ च्या 'लँग्वेज' मासिकापासून धरतात. ती मला फारशी भिडत नाही, तिच्यावर दुसऱ्या कुणाचं उत्तर वाचा. प्रत्येक नावापाशी मात्र दोन गोष्टी वहीत लिहा: हे नाव कुणी दिलं, आणि त्यामुळे बाहेर कोण राहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, म्हणजे नाव स्वतः निवडणंही घडतं. तो फरकही नोंदवा.

'वेस्ट लँड' मोठी कविता आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही, आणि पाउंडने तिच्यावर चालवलेली कात्री बघायला मिळाली तर जरूर बघा. परीक्षेत 'डिस्कस द मेजर मूव्हमेंट्स' आला तर तक्ताच लिहा, सनावळीसकट. तपासणाऱ्याकडे वेळ नसतो आणि तुमचं वर्ष महत्त्वाचं आहे. पण तोंडी परीक्षेला कुणी ब्रुक्सची चळवळ विचारली, तर १९४५, १९५० आणि १९६७ ही तिन्ही सालं सांगा आणि 'वी रिअल कूल' म्हणून दाखवा, ओळीच्या टोकाला थांबून. पाठ करायला पाच मिनिटं लागतात.