एक्स-रे नॉर्मल, तरी पाय लुळा: ‘थांबा’ की ‘कापा’?

तुमच्या कुत्र्याला गाडीचा धक्का, पुढचा पाय लुळा, पंजा उलटा पडून घासतोय, एक्स-रे स्वच्छ. एक डॉक्टर म्हणतात थांबा, दुसरे म्हणतात पाय काढा. तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या कुत्रीचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. तुमचा कुत्रा मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सगळं एका पालकाचं मत समजा.

एक्स-रेत हाड दिसतं, नस (म्हणजे मज्जातंतू) दिसत नाही. आमचं नेमकं इथेच अडलं. आम्ही जात होतो त्या दवाखान्यात दर वेळी तोच फोटो उजेडात धरायचे, ‘हाड शाबूत आहे, सूज उतरली की चालेल’ म्हणायचे, एक व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात या. पाय बधिर आहे का, हे एकदाही कुणी तपासलं नाही. वर घट्ट बँडेज. ते सुटलं तेव्हा आत पंजा सोलवटलेला, आणि मग तिने स्वतःचीच बोटं चावायला सुरुवात केली. दुसरीकडे न्यायचं म्हणून कागद मागितले तर ‘मोठे डॉक्टर आल्यावर या’. मोठे डॉक्टर काही आले नाहीत! असो.

तर, उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा थेट विचारा: खोल वेदना जाणवते का? डॉक्टर चिमट्याने बोट दाबून बघतात. इथे एक गोम आहे. बोट दाबल्यावर पाय नुसता आखडला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने वळून बघितलं, कण्हला, चावायला आला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय. घरी हा प्रयोग करू नका, गरीब कुत्राही अशा वेळी चावतो. त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान आणि पापणी उतरलेली दिसतेय का, हेही दाखवा. तसं असेल तर इजा मणक्याजवळ, नसांच्या मुळाशी असल्याची शंका घेतात.

नस नुसती ताणली गेली असेल तर वाट बघण्यात अर्थ आहे, पण ती वाढते साधारण दिवसाला १ मिमी. म्हणजे खांद्यापासून पंजापर्यंत महिने. मुळापासून उपटली असेल तर परत येत नाही. एका तपासणीवर निकाल लावू नका, थोड्या अंतराने पुन्हा करून घ्या. तोवर पंजाला जखम होऊ द्यायची नाही आणि सांधे हलवण्याचा व्यायाम डॉक्टरांकडून शिकून घ्यायचा. नाहीतर नस सुधारली तरी पाय आखडून बसतो. कोपर ताठ धरून वजन पेलता येत असेल तर पाय न काढता पंजाला आधाराची पट्टी (स्प्लिंट) बांधून भागू शकतं, हे मात्र आवर्जून विचारा.

पण महिने लोटले, वेदना शून्य, जखमा भरत नाहीत, चावणं चालूच, तर माझं मत स्पष्ट आहे: काढा. ‘तीन पायांवर कसं जगेल’ ही चिंता आपली असते, त्याची नसते. तो आत्ताही तीन पायांवरच चालतोय, चौथा नुसता ओढतोय. फक्त आधी उरलेले पाय आणि कंबर तपासून घ्या. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे वजनदार किंवा सांधेदुखीच्या कुत्र्याला पुढचा पाय गेलेला जड जातो. आणि अर्धाच पाय ठेवा असा हट्ट धरू नका. उरलेला खुंट आपटतो, घासतो, म्हणून बहुतेक सर्जन वरूनच काढतात.

ऑपरेशननंतरचं फार सांगत नाही, ते तुम्हाला दवाखान्यात सांगतीलच. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया घाला, पंजांमधले केस कापा, वजन उतरवा. दुखतंय म्हणून माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे, आणि घरात मांजर असेल तर पॅरासिटॅमॉल तिच्या जिवावर बेतू शकतं.

आत्ता बँडेज असेल तर मधल्या दोन बोटांची नखं रोज बघा. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटं सुजली, गार पडली किंवा वास आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी ते सोडवून घ्या. चिमट्याला त्याने काय केलं ते कळवा, पुढचं त्यावर बोलू.