लाखभर पीडीएफ डॉक्युमेंट बॅचमध्ये, एकदाच इंडेक्स करायची आहेत. कॅश लावू की क्यू?

क्यू, म्हणजे कामांची रांग. लाखभर पीडीएफ एकदाच इंडेक्स करायच्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. कॅश म्हणजे एकदा काढलेलं पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवणं. प्रत्येक फाइल एकदाच येणार, मग कॅशला हिट मिळणार कुठून?

यावरून आमच्या आर्किटेक्टशी माझं चांगलंच वाजलं होतं. "वेग हवा तर सगळं रेडिसमध्ये टाका," हे त्यांचं पालुपद. रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारा स्टोअर. कॅशसाठी जे रेडिस होतं, त्यातच शिल्लक डॉक्युमेंटच्या लिस्टही ठेवल्या. मेमरी पॉलिसी ऑलकीज-एलआरयू, म्हणजे जागा संपली तर बराच वेळ न वापरलेलं, काहीही असो, काढून टाकायचं. कॅशमधलं गेलं तर पुन्हा काढता येतं, कामाची नोंद गेली की गेलीच, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकतंय कोण!

मेमरी भरली आणि बराच वेळ कुणी न वापरलेल्या 'की' (नावानिशी ठेवलेल्या नोंदी) रेडिसने काढायला सुरुवात केली. चालू लिस्टमधून वर्कर (ही कामं करणारे प्रोग्रॅम) सतत उचलत होते, ती वाचली. फेल झालेल्यांची लिस्ट मात्र रात्रीच्या रीट्रायची वाट बघत पडून होती. रेडिसमध्ये अख्खी लिस्ट म्हणजे एकच की, त्यामुळे ती एका फटक्यात गेली. एरर नाही, काही नाही. रीट्रायचा जॉब शिल्लक शून्य बघून हिरवा. पुढे सर्चमध्ये जुने करार सापडेनात, तेव्हा खापर फुटलं वर्कर लिहिणाऱ्या ज्युनिअर मुलीवर. त्याचा राग मला अजून आहे. रेडिसच्या इन्फो कमांडमधला इव्हिक्टेड-कीजचा (काढून टाकलेल्या कीजचा) चढता आकडा मी सगळ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठे ती सुटली.

तर इंडेक्समध्ये लिहून झाल्यावरच क्यूला काम झाल्याची पोच, म्हणजे अ‍ॅक द्या. इलास्टिकसर्च या सर्च इंजिनच्या बल्कला (एकगठ्ठा लिहिण्याच्या विनंतीला) २०० म्हणजे 'ठीक' असं उत्तर आलं तरी आतली काही डॉक्युमेंट नाकारलेली असू शकतात, प्रत्येक आयटम तपासा. एसक्यूएस या अमेझॉनच्या क्यूचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेलं काम इतर वर्करपासून लपवून ठेवायचा वेळ, मुळात ३० सेकंदांचा असतो. ओसीआर (स्कॅनच्या चित्रातून मजकूर वाचणं) त्यापेक्षा लांबला की तीच फाइल दुसऱ्या वर्करकडे जाते. म्हणून आयडी फाइलच्या हॅशवरून (फाइलच्या आशयावरून निघणाऱ्या ठशावरून) काढा, दोनदा आली तरी त्याच जागी लिहिली जाईल.

मॅपिंग (इंडेक्समधल्या फील्डची रचना) बदलून वारंवार रीइंडेक्स करणार असाल, तर ओसीआरचा मजकूर कॅश करणं नक्कीच फायद्याचं. कॅशची की बनवताना हॅशला ओसीआरची आवृत्ती जोडा. पण या कॅशसाठी रेडिसचा इन्स्टन्स क्यूपासून वेगळा. क्यू रेडिसवरच चालवायचा असेल तर तिथे नोइव्हिक्शन (मेमरी भरली तरी काहीच काढायचं नाही), यावर चर्चा नको. आणि फाइली शे-दोनशेच असतील तर दोन्ही सोडा, साधा लूप पुरतो.