विचारा की! : वाळवंटातून बिस्बीला

प्रश्न : नमस्कार. माझे दीर अमेरिकेत ॲरिझोनात टुसॉनला असतात, ऑगस्टमध्ये आम्ही सासऱ्यांना घेऊन तिकडे चाललोय. दीर म्हणतात बिस्बी म्हणून एक छोटं खाणींचं गाव आहे, गाडीने एका दिवसात जाऊन येऊ, रस्ता मस्त आहे. पण ऑगस्ट महिना, त्यात वाळवंट, बाबा पंचाहत्तरीचे, गुडघे दुखतात. ते गिरणीत होते, 82 च्या संपात नोकरी गेली. ते म्हणतात, मला खड्डा बघायला कशाला नेताय! न्यावं का?
– एक वाचक, करी रोड

उत्तर : ताई, न्याच. फक्त दिरांना सांगा, बेन्सनवरून सरळ हायवेने नेऊ नका. आय-10 या मोठ्या हायवेवरून 83 नंबरच्या रस्त्याला वळा, सोनोइटा गावापर्यंत, मग 82 नंबरने टूमस्टोन गावाच्या बाजूला आणि शेवटी 80 नंबरने बिस्बी. शंभरेक मैल होतील, म्हणजे आपलं मुंबई-पुणेच, न थांबता दोन तास, पण तुम्ही थांबणारच. टुसॉनमधले ते हात वर केलेले उंच निवडुंग चढ लागला की हळूहळू गायब होतात, उजवीकडे सांता रिटाचे डोंगर येतात आणि सोनोइटाला पोचता पोचता नुसतं गवत, लांबच लांब, ऑगस्टात चक्क हिरवं.

हिरवं कारण तिकडेही तेव्हा पावसाळा असतो, 15 जून ते 30 सप्टेंबर, आणि ते लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात. मात्र आपल्यासारखी दिवसभर रिपरिप नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर अचानक काळं होतं, विजा, तासभर झोडपतो आणि संपलं. म्हणून सकाळी सातला निघा. आणि एक, रस्त्याला आडवे कोरडे ओढे लागतात, पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गाडी काढलीय म्हणून तिथे शूरपणा नको! बॅरिकेड ओलांडून कोणी अडकला तर सुटकेचा खर्च त्याच्याचकडून वसूल करायचा कायदा आहे तिथे.

उन्हाचं म्हणाल तर टुसॉन अडतिशीच्या आसपास असतं, पण बिस्बी साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे त्यामुळे बराच फरक पडतो. हवा कोरडी, घाम आलेला कळतच नाही, बाबांना तहान नसली तरी पाणी पाजत राहा.

आता खड्ड्याचं. बिस्बीच्या तोंडाशी एक बोगदा लागतो, तो संपला की खाली दरीत एकदम गाव दिसतं, घरं एकावर एक चढवलेली, आणि गावाच्या पुढे तो लॅव्हेंडर पिट, तांब्याची उघडी खाण, 1974 पर्यंत चालू होती. जाळीपाशी उभं राहिलं की समोर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर, तांबडा, जांभळट, मधेच पिवळा. बाबांना मात्र खड्ड्याआधी संपाची गोष्ट सांगा. 1917 मध्ये इथल्या खाणकामगारांनी संप केला, तेव्हा 12 जुलैच्या पहाटे शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, हत्यारबंद माणसं घेऊन त्यांना घराघरातून उचललं, बेसबॉलच्या मैदानात गोळा केलं आणि जवळपास 1300 जणांना रेल्वेच्या गुरांच्या डब्यात कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोत वाळवंटात नेऊन सोडलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. ते मैदान अजून आहे, वॉरन भागात, गाडीतूनच दिसतं. 1975 ला खाणी बंद पडल्या, घरं मातीमोल झाली आणि चित्रकार, हिप्पी मंडळी येऊन राहिली. म्हणजे तिथे टॉवर नाही आले. बाबा यावर काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचंय.

गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत, त्या तुम्ही चढा, बाबांना मेन स्ट्रीटवर बसवा. क्वीन माइन या जुन्या खाणीत आत नेणारी टूर मात्र त्यांना विचारून ठरवा, छोट्या ट्रेनवर दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं. आत बारा महिने 8 डिग्री, त्यामुळे ऑगस्ट असला तरी स्वेटर न्या. बुकिंग आधी करा.

मेक्सिकोची हद्द जवळ आहे म्हणून परतताना बॉर्डर पट्रोलचं, म्हणजे सीमेवरच्या गस्तवाल्यांचं, चेकपोस्ट लागू शकतं, घाबरायचं काही नाही, सगळ्यांचे ओरिजिनल पासपोर्ट गाडीत ठेवा, झेरॉक्स नको.

प्रश्न : ॲरिझोनाकडच्या छोट्या गावांत शाकाहारी मिळतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बीन बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेल्या बीन्स, मिळतो, पण बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी घातलीय का ते आधी विचारा, आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का तेही. वेटरला नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही. दशम्या-चटणी सोबत असली तर प्रश्नच मिटला.